तिसरी पुकार

माझा जन्म नगरकडचा, राहुरीच्या बाजूला आमचं खेडं, गावाच्या खालच्या अंगाला आमची घरं आन् घरांच्या मधोमध मिशननं बांधलेली एक खोली, रविवारी तिचं देऊळ व्हायचं आन् सोमवारी शाळा. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं. बाप गावोगाव पायी फिरून शुभवर्तमान सांगायचा, खांद्याला झोळी, आन् घरी आला की आई त्याच्या पायाला तेल चोळता चोळता बोलायची, देवाचं काम झालं असंल तर आता घरातल्या पिठाचं बघा. माझं नाव ठेवलं मार्था. मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं, तिथं मास्तरीणबाई शुद्ध बोलायला शिकवायच्या, न्हाई म्हणू नको नाही म्हण, पट्टीनं मारून शिकवायच्या, त्यातलं निम्मं टिकलं आन् निम्मं आईच्या जिभेकडं परत गेलं. तुमी लिहिताना सुधरू नका. मला लोकांनी आयुष्यभर लई सुधरलंय.

सातवी झाले, आई गेली, बाप थकला, आन् थोरल्या भावाला, त्याला मी दादा म्हणते, पिंपरीला कारखान्यात काम लागलं म्हणून त्यानं मलाबी आणलं. तवाची पिंपरी काय सांगू तुमाला, एका अंगाला निर्वासितांच्या बराकी, एका अंगाला रेल्वे, मधी कंपन्यांच्या भिंती उठत व्हत्या आन् बाकी सगळं ज्वारीचं रान, भोंगा झाला की रानातनं माणसं पळत सुटायची. एका औषधाच्या कंपनीत बायका घेत व्हते, मला घेतलं. काम काय, तर इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या. समोर दिवा, दिव्यामागं एक काळी पाटी आन् एक पांढरी, बाटली उलटी करायची, हळू फिरवायची आन् बघायचं, आत काही कण हाय का, केस हाय का, काचेचा तुकडा हाय का. काळ्या पाटीसमोर पांढरा कण दिसतो, पांढरीसमोर काळा. आमची सुपरवायझर बाई सांगायची, पोरींनो, पहिल्या नजरेवर भरवसा ठेवू नका, खाली बसलेलं हलवल्याबिगर दिसत न्हाई, परत उलटी करा. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा कोट, बोलायचं न्हाई. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. बाहेर आलं की मातर रस्त्यावरची माणसंबी थोडा वेळ पाण्यातनं दिसल्यासारखी दिसायची.

आमची मंडळी तवा लहान. मंडळी म्हंजी देवळाची सगळी माणसं मिळून. पत्रा टाकलेला एक हॉल, पुरुष उजव्या अंगाला, बाया डाव्या, खाली सतरंज्या. तिथं सगुणाबाई यायची. उंच, काळी, विधवा बाई, आवाज असा की गीत सुरू झालं की पेटी तिच्या मागनं चालायची. दिघीला लष्करातल्या साहेबांच्या घरी स्वयंपाक करायची आन् तिथंच एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी खोली घेऊन राहायची. दर रविवारी भोसरीच्या माळावरनं चालत यायची, चपला हातात, झिजू नयेत म्हणून, आन् देवळाजवळ आली की पाय पुसून चपला घालायची आन् दारात परत काढायची. आमी पोरी हसायचो. तिचा एकुलता एक पोरगा दाविद, लष्करात. तिनं माझं गाणं ऐकलं, चार रविवार नुसतं बघितलं, आन् पाचव्या रविवारी दादाला म्हणाली, तुझी बहीण मला दे.

दाविद सुट्टीवर आला तवा मला बघायला आला. बघायला म्हंजी दादाच्या खोलीत, दादा, वहिनी, पाळकसाहेब म्हंजी आमचे धर्मगुरू, समदी बसलेली, मी चहा घेऊन गेले. त्यानं एकच विचारलं, तुमी दिवसभर बाटलीत बघता तर काय दिसतं. मी म्हणाले, बहुतेक काहीच न्हाई. तो असा हसला की त्याच्या हातातली बशी हालली आन् चहा पायजम्यावर सांडला. सगुणाबाईनं पदरानं पुसला. मला माणूस आवडला, हे मी तवा कुणाला बोलले न्हाई, आज बोलते.

आता आमच्यात लग्नाआधी पुकार असते, ते तुमाला सांगायला पायजे. तीन रविवार उपासनेच्या वेळी पाळकसाहेब उभं राहून नावं पुकारतात, अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, हे पवित्र विवाहानं जोडले जाणार हायेत, यात कुणाला काही अडथळा ठाऊक असंल तर त्यानं आत्ताच सांगावं. मंग थोडं थांबतात. कुणी काही बोलत न्हाई, कुणी कधी बोललेलं आमच्या बापजाद्यांनी बघितलं नव्हतं, पोरं एकमेकाला कोपरानं ढोसतात, बाया पदर सावरतात, आन् पुढचं गीत चालू व्हतं. तीन पुकारा झाल्या की लग्न. बासष्ट साली आमच्या दोन झाल्या. दोन्ही वेळा तो उजव्या अंगाला आन् मी डाव्या अंगाला, मान खाली घालून, कानाच्या पाळ्या तापलेल्या. तिसरीच्या आधीच चीनचं युद्ध निघालं आन् त्याची सुट्टी मोडली.

तो मला भेटायला कंपनीच्या फाटकावर आला. जेवणाची सुट्टी, मी तशीच टोपी-कोटात बाहेर आले. सगुणाबाई त्याच्यासंगं, हातात भाकरीचं गाठोडं. पाळकसाहेब म्हणत व्हते, तो नसला तरी तिसरी पुकार करू, लग्न आल्यावर लावू. पण सगुणाबाईला ते नको व्हतं, नवरदेव हजर न्हाई आन् पुकार कसली, लष्कराला घाई असंल, देवाला घाई न्हाई. दाविद मला म्हणाला, आल्यावर करू, तोवर थांबशील ना. मी म्हणाले, थांबते. आन् आईला म्हणाला, हिच्यावर लक्ष ठेव. थट्टेत म्हणाला हो तो. पण सगुणाबाईनं ते थट्टेत घेतलं न्हाई.

गेला तो गेलाच. हिवाळ्यात कळलं की त्यांची तुकडी बर्फात मागं येताना फुटली, काही मेले, काही धरले, काही सापडत न्हाईत, दाविद सापडत नसलेल्यांत. हे सगळं दिघीला, तिला कळायचं. मला कोण कळवणार, मी त्याची कोण. मी रविवारची वाट बघायची, ती आली की तिच्या तोंडाकडं बघायचं आन् काय ते समजायचं. पुढच्या उन्हाळ्यात कैदी सुटून आले तवा आमी दोघी तिथल्या साहेबाच्या व्हरांड्यात दिवस दिवस बसलो, कुणी सांगायचं अमुक आला, तमुक आला. दाविद आला न्हाई. साहेब चांगला व्हता, त्यानं तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. पुढं वर्षा दोन वर्षांनी त्यांनी सांगितलं, मावशी, आता गेला असंच धरा, आन् कागदावर अंगठा मागितला, पेन्शन सुरू व्हईल म्हणाले. तिनं अंगठा दिला न्हाई. माझं पोरगं मला दाखवा, मंग अंगठा घ्या. पाळकसाहेबांनी दाविदच्या नावानं स्मरणाची उपासना ठेवायची म्हटली तर त्यांनाबी तेच, जित्या माणसाचं स्मरण कशाला करता, देवाची वेळ आली की तो येईल, देवाला घाई न्हाई.

आन् मी. मी थांबलेली. सुरवातीला खरंच थांबले हो, सकाळी उठून गुडघ्यावर बसायची, पाणी गरम व्हईपर्यंत प्रार्थना करायची, देवबापा आज, आज न्हाई तर उद्या. मला वाटायचं मी बोलायची थांबले तर त्याचा तिकडं पाय घसरंल. पण मंडळीनं माझं काय करून ठेवलं सांगू, माझा धडा केला. धीरावर उपदेश असला की पाळकसाहेबांची नजर डाव्या अंगाला, माझ्याकडं. बाया आपल्या पोरींना माझ्याकडं बोट करून दाखवायच्या, बघ, मार्थाकडनं शिक. एकदा पाळकसाहेब घरी आले, पवित्र शास्त्रातल्या त्या सुनेची गोष्ट सांगायला लागले, सासूला न सोडणारी, तिला देवानं कसं फळ दिलं. मी म्हणाले, साहेब, तिचं निदान एकदा लग्न झालं व्हतं. वहिनीनं माझ्या पाठीत चिमटा काढला. साहेब चहा न पिताच गेले.

चारेक वर्षं अशी गेली. माझ्याबरोबरच्या पोरींना लेकरं झाली. आमच्या खात्यात मशीन बघायला एक फिटर यायचा, शमुवेल, आमच्याच मंडळीतला, बायको बाळंतपणात गेलेली, दोन लहान मुली. दिवा लुकलुकायला लागला की तो येऊन दुरुस्त करायचा आन् जाताना विचारायचा, आता डोळ्याला बरं हाय ना. एवढंच. एवढं मला कुणी विचारत नव्हतं. त्यानं दादाला विचारलं. दादानं मला विचारलं. तुमी मला विचाराल, दाविदला विसरलीस का, तर न्हाई विसरले, पण विसरलं न्हाई तरी भूक लागते, माणसाला घर पायजे असतं. मला त्या मुलींच्या वेण्या घालायच्या व्हत्या. मला जगायचं व्हतं, लिहा तसं.

दादा दिघीला जाऊन सगुणाबाईला सांगून आला. ती भाकरी थापत व्हती, थापत राहिली, हो म्हणाली न्हाई आन् न्हाईबी म्हणाली न्हाई. दादा येऊन म्हणाला, म्हातारी समजूतदार हाय. मला बरं वाटलं. मी तिच्यासाठी एक लुगडं घेतलं, लग्नात द्यायला.

पहिली पुकार. उन्हाळ्याचे दिवस, पत्रा तापलेला, बाया पदरानं वारा घेत बसलेल्या. पाळकसाहेबांनी नावं वाचली, शमुवेलचं, माझं, आन् विचारलं, कुणाला अडथळा ठाऊक असंल तर. आन् थांबले. माझ्या पुढच्या सतरंजीवर सगुणाबाई बसली व्हती. ती उठली. आधी मला वाटलं पाणी प्यायला उठली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आन् गीत म्हणायच्या आवाजात बोलली, मला ठाऊक हाय, साहेब. ही माझ्या दाविदची हाय. दोन पुकारा झाल्यात, तिसरी देवानं राखून ठेवलीय. तो येईल.

काय सांगू तुमाला, वारा घेणारे पदर जागच्या जागी राहिले. शमुवेलची धाकटी उजव्या अंगाला बापाच्या मांडीवर बसली व्हती, तिनं मोठ्यानं विचारलं, बाबा, ती आजी काय म्हणते. कुणी हसलं न्हाई. पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं आन् गीताचा आकडा सांगितला. गीत कुणी धरलंच न्हाई, कारण धरणारी तीच असायची.

उपासनेनंतर मंडळीचे पंच बसले, पाळकसाहेबांच्या खोलीत, दार लोटून. मी बाहेर सतरंज्या गुंडाळत व्हते, सगळं ऐकू येत व्हतं. पाळकसाहेब म्हणाले कायद्यानं या हरकतीला अर्थ न्हाई, लग्न झालेलं नव्हतं, जुन्या पुकारा केव्हाच बाद झाल्या. ते बरोबर बोलले हो, त्यांना दोष न्हाई. पण एक पंच म्हणाला, म्हातारीचा विश्वास मोडायचं पाप आपण का घ्यावं. दुसरा म्हणाला, आजवर कुणी उठलं न्हाई, ही उठली, कुणी सांगावं, तिच्या तोंडून देवच बोलत असंल. तिसरा म्हणाला, आपण मार्थाचाच दाखला लोकांना देतो, आता काय तोंडानं देणार. आन् मंग सगळ्यांनी मिळून ठरवलं की थोडं थांबू, प्रार्थना करू, देवाची वेळ आली की तोच दार उघडंल. माझ्या लग्नाचं ठरत व्हतं आन् मला आत कुणी बोलावलं न्हाई. मी सतरंज्या कोपऱ्यात रचल्या आन् घरी गेले.

तुमी म्हणाल कोर्टात का न्हाई लावलं. शमुवेल तयार व्हता. दादा म्हणाला, मंडळीच्या बाहेर गेलीस तर उद्या मेल्यावर खांदा कोण देईल. पण खरं सांगू, दादामुळं न्हाई. मला भ्याव वाटलं. समजा म्हातारीचं खरं असलं, समजा तो कुठं तरी बर्फाच्या पलीकडं जिता हाय आन् मी इकडं दुसऱ्याच्या नावानं उभी राहिले. लहानपणापासून कानात एकच भरलेलं, देवाच्या पुढं धावू नको. आता ती धाव व्हती का नव्हती, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

शमुवेल पावसाळाभर थांबला. मंग एक दिवस दिवा दुरुस्त करायला आला, दिवा चांगला व्हता तरी खोलून बसला. म्हणाला, मार्था, मी थांबलो असतो. पण पोरी थांबत न्हाईत, त्या रोज वाढतात. मी बाटली फिरवत राहिले. नाताळच्या आधी त्यानं श्रीरामपूरकडची एक बाई केली, नोकरी सोडून चाकणला गेला, कांद्याच्या बाजारात मालट्रकांची दुरुस्ती करायला लागला. बाई चांगली मिळाली म्हणतात. ते लुगडं मी वहिनीला देऊन टाकलं.

त्यानंतर मी सगुणाबाईशी बोलले न्हाई. ती समोरनं आली की मी रस्ता बदलायची. देवळात जायची, पण मागं दारापाशी बसायची, गीत म्हणायची न्हाई, ओठसुद्धा हलवायची न्हाई. देवाशी मातर भांडायची. सकाळी पाणी तापत असताना, आधीच्याच वेळेला, गुडघ्यावर न्हाई, उभ्यानं. विचारायची, तुझी वेळ, तुझी वेळ म्हणतात, तुला माझं वय दिसतं का. पाणी उकळायचं, मी कामाला जायची. दादाचा संसार वाढला तशी मी वेगळी खोली घेतली. डोळे अधू झाले, मला बाटल्यांवरनं काढून पॅकिंगला बसवलं, खोक्यात बाटल्या भरायच्या, आत काय हाय ते बघायचंच न्हाई.

तिकडं भोसरीच्या माळावर शेड उठायला लागल्या, निगडीला प्राधिकरणाचे प्लॉट पडले, शेतकऱ्यांच्या हातात एकदम पैसा आला. सगुणाबाईच्या मालकानं गोठा पाडून चाळ बांधायला काढली. तवा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काम सुटलेलं. पाळकसाहेबांनी देवळात सांगितलं की आपल्या एका भगिनीला आसरा पायजे. सगळे खाली बघायला लागले. तीन रविवार सांगितलं. तिसऱ्या रविवारी मी उठले आन् म्हणाले, मी नेते.

तुमी लगेच दया लिहू नका. दया नव्हती. मला वाटलं, हिनं माझ्या घरात बसावं आन् माझं रिकामं घर रोज बघावं, डोळ्यांनी न्हाई दिसलं तर हातानं चाचपून बघावं. आन् दुसरं असं की दाविदची बशी हालून चहा सांडला व्हता हे अजून मनात ठेवलेली दोनच माणसं उरली व्हती, एक मी आन् एक ती. तिसरं कुणी असतं तर मी तिला आणली नसती.

एका खोलीत दोघी. ती आंधळ्यागत भिंत धरून चालायची, दळणातले खडे बोटांनी काढायची, नाताळात तीन ताटल्या मांडायची. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी मी तिसरी ताटली उचलून दारातनं बाहेर फेकली. ती म्हणाली, पोचा पडला असंल, आण इकडं, ठोकते. मंग मी बोलले, इतक्या वर्षांचं सगळं बोलले, शेजारणी दारात आल्या तरी बोलले. म्हणाले, मावशी, तू का उठलीस त्या दिवशी, तुझं काय जात व्हतं, माझी दोन लेकरं गेली त्यात, शमुवेलच्या पोरी, जन्मलेली, चालती-बोलती. ती समोरची दुसरी ताटली चाचपत राहिली. मंग म्हणाली, तू त्याची म्हणून थांबली व्हतीस तवर तो यायचा व्हता. तुझी पुकार झाली असती तर माझं पोरगं त्या दिवशी मेलं असतं. मला त्याला मारायचं नव्हतं गं.

मला राग यायला पायजे व्हता. राग आला न्हाई, मी तिच्यासमोर खाली बसले. तिनं त्याला जितं ठेवलं व्हतं, आन् त्यासाठी मला घातलं व्हतं, चुलीत लाकूड घालावं तसं. आन् तिनं देवाचं नाव घेतलं ते खोटं नव्हतं हो, ती खरंच मानत व्हती. मी ताटली आणली. पोचा तिनं ठोकला. आमी जेवलो. त्या दिवसापासून देवाला घाई न्हाई हे तिच्या तोंडून मी ऐकलं न्हाई.

आता अलीकडचं. पाळकसाहेब नवे आले, तरुण, त्यांना मागचं काही ठाऊक न्हाई. देवळाला आता बाक हायेत, पंखा हाय. गेल्या वर्षी उन्हाळ्यातच एक रविवार, मी म्हातारीला हाताला धरून नेलेली, डाव्या अंगाला पहिल्या बाकावर. नव्या साहेबांनी पुकार वाचली, आपल्या मंडळीतला एक मुलगा आन् चाकणच्या शमुवेलची थोरली मुलगी. मला ठाऊक व्हतं, शमुवेल आलाय ते मी दारातच बघितलं व्हतं, पांढरा झालेला, बायको शेजारी, आमी एकमेकांना सलाम केला व्हता. म्हातारीला मी सांगितलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, कुणाला काही अडथळा ठाऊक असंल तर. आन् थांबले. माझ्या हातातला तिचा हात सुटला. ती उठली.

जुनी जी माणसं व्हती त्यांनी श्वास धरला, शमुवेल अर्धा उठला बाकावरनं, ती पोरगी, बिचारी, बापाकडं बघायला लागली. मी म्हातारीचा पदर धरला, ओढला, बस म्हटलं. ती बसली न्हाई. तिनं आधी पदर सोडवला, डोक्यावर नीट घेतला. आवाज आता उरला नव्हता, तरी ऐकू गेला सगळ्यांना. म्हणाली, साहेब, माझी हरकत न्हाई. मार्थाला जाऊ द्या. माझा दाविद मेला हाय.

नवे साहेब गोंधळले, म्हणाले, आजी, बसा, ही मुलगी मार्था न्हाई. म्हातारी म्हणाली, मला ठाऊक हाय, साहेब, उशीर झाला. मंग बसली. कुणाला काय करावं कळंना. मीच गीत धरलं, कितीतरी वर्षांनी, आवाज फाटला, पण कुणीतरी धरायला पायजे व्हतं. शमुवेल रुमाल तोंडाला लावून बसला व्हता. त्याची पोरगी नीट नांदते, देवाची कृपा.

पुढच्या रविवारी दाविदच्या नावानं स्मरण केलं. म्हातारी त्यानंतर महिनाभर जगली असंल नसंल, जेवणच तोडलं तिनं, आजार म्हणावा असा काही नव्हता. धरून ठेवायचं काम संपलं व्हतं तिचं. दफनभूमीवरचा माणूस नोंद करत व्हता, त्यानं विचारलं, ही तुमची कोण. मागं दादा उभा, पाळकसाहेब उभे, सगळे माझ्या तोंडाकडं बघत व्हते. मी म्हणाले, सासू. तो म्हणाला, नवऱ्याचं नाव. मी दाविदचं नाव सांगितलं. कुणी हरकत घेतली न्हाई.

आता मी हाय, खोली हाय, कंपनी अजून ठेवून घेतीय तवर काम हाय. बाया मला अजून म्हणतात, मार्थाताई, धीरावर चार शब्द साक्ष द्या. मी देत न्हाई. देव न्हाई असं मी म्हणणार न्हाई, सकाळी पाणी तापताना त्याच्याशी बोलते, भांडण आता उरलं न्हाई, दोघंबी थकलो. त्याची वेळ असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याच्या नावावर दुसऱ्याचं आयुष्य थांबवून ठेवायला त्यानं कुणाला सांगितलं असंल, असं मला वाटत न्हाई.

आन् एक हाय बघा. देवळात पुकार असली की साहेब विचारतात, मंग थांबतात, आन् त्या थांबण्यात जुनी माणसं अजून वळून माझ्याकडं बघतात. मी मान हलवते, न्हाई, काही न्हाई. आन् समोर ती पोरगी मान खाली घालून बसलेली असते, कानाच्या पाळ्या तापलेल्या, तिला मनातल्या मनात म्हणते, जा बाई, सुखी राहा, थांबू नको.